ओळख पटवायची कोणी?

कर्जाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल जे लिहिले-बोलले जाते, त्याचा रोख बहुतेक वेळा कर्जदाराकडे असतो. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कोणाला सांगू नका, आगाऊ पैसे भरू नका, ॲप घेण्याआधी चौकशी करा, अशी सूचनांची यादी त्याच्या हाती दिली जाते आणि तेवढ्यावर बँका, वित्तसंस्था व सरकारी खाती आपले काम संपले असे मानतात. यांतील एकही सूचना चुकीची नाही. पण पैशाची निकड असलेल्या माणसाने, त्याच्या सर्वांत अडचणीच्या घडीला, खरे-खोटे पारखण्याचा सगळा भार एकट्याने उचलावा ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही, आणि ती व्यवहारातही पुरी होत नाही. कर्ज घेणाऱ्याने समोरचा खोटा आहे हे ओळखायचे, की कर्ज देणाऱ्याने आपण खरे आहोत हे पटवून द्यायचे, असा हा प्रश्न आहे. माझ्या मते ही जबाबदारी आधी कर्ज देणाऱ्याची आहे, आणि त्याने ती पार पाडली तरच कर्जदाराला दिलेल्या सूचनांना काही अर्थ उरतो.

फसवणुकीचा सर्वांत सरळ प्रकार घेऊ. कर्ज मंजूर झाल्याचा निरोप येतो. पत कमी असली तरी हरकत नाही, जामीनदार नको, तारण नको, पैसे आजच खात्यात जमा होतील असे सांगितले जाते आणि सोबत एखाद्या नामांकित संस्थेचे बोधचिन्ह, शिक्का व सही असलेले मंजुरीपत्रही येते. मग प्रक्रिया शुल्काची मागणी होते. ही रक्कम मुद्दामच लहान ठेवलेली असते. ती भरली की कर्जाच्या विम्याचा हप्ता निघतो, त्यानंतर कर निघतो, आणि शेवटी खाते क्रमांकातला एक अंक चुकल्यामुळे कर्जाची रक्कम अडकून पडली आहे, ती मोकळी करण्यासाठी अनामत भरावी लागेल, असे सांगितले जाते. प्रत्येक नवी मागणी आधी भरलेल्या पैशाच्या जोरावर उभी असते, ही यातली मेख आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे भोळेपण वाटते. पण तीन रकमा भरून बसलेल्या माणसाने थांबायचे म्हणजे त्या तिन्ही बुडाल्या हे स्वतःशी कबूल करायचे, आणि चौथी भरायची म्हणजे सगळे परत मिळण्याची आशा जिवंत ठेवायची, अशा पेचात तो सापडलेला असतो. त्यातून ज्या कारणासाठी कर्ज हवे होते, ते कारण अजून दारात उभेच असते.

यावर ‘आगाऊ पैसे मागितले की फसवणूक समजा’ हा नियम सांगितला जातो. तो बव्हंशी खरा आहे, पण पुरा नाही, कारण काही प्रामाणिक संस्थाही, विशेषतः घरासारख्या मोठ्या कर्जासाठी, अर्जाबरोबरच शुल्क घेतात. म्हणजे फसवणुकीची जी ठळक खूण कर्जदाराला शिकवायची, ती खऱ्या संस्थांनीच पुसट करून ठेवली आहे. अमेरिकेत १९९५ साली फोनवरून होणाऱ्या विक्रीसाठी जे नियम झाले, त्यांत हा गुंता चांगला सोडवला आहे: कर्ज नक्की मिळेल किंवा मिळण्याची दाट शक्यता आहे असे जो सांगतो, त्याला कर्ज मिळवून देण्याआधी शुल्क घेता येत नाही. खात्रीचे आश्वासन आणि आगाऊ मागणी या दोन गोष्टी एकाच तोंडून आल्या की तेवढ्यानेच नियमभंग उघड होतो. कर्जदाराला शिकवायची खूण अशी असावी लागते. ती नेमकी आहे, आणि कायद्याने बांधलेली असल्यामुळे खरा धंदा करणाऱ्याच्या वागण्यात ती सापडू नये अशी व्यवस्थाही तिच्यामागे आहे.

दुसरी अडचण माहितीची आहे, आणि ती अधिक खोल आहे. फसवणूक आणि माहितीची गळती हे दोन वेगळे विषय मानून त्यांच्यावर वेगवेगळे बोलण्याची आपल्याला सवय झाली आहे; प्रत्यक्षात पहिलीचा पाया दुसरीने घातलेला असतो. कर्जाच्या शोधात असलेला माणूस दरांची तुलना करून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर नाव, फोन क्रमांक, उत्पन्न आणि हवी असलेली रक्कम भरतो. ही माहिती मध्यस्थांकडून पुढे विकली जाऊ शकते, आणि ती कोणाकोणाच्या हाती गेली याचा त्याला पत्ताही लागत नाही. दोन दिवसांनी फोन येतो तेव्हा बोलणाऱ्याला त्याचे नाव, नोकरी आणि मागितलेली नेमकी रक्कम ठाऊक असते. माझ्याविषयी इतके जाणणारा माणूस खराच असणार, असे त्याला वाटते. पिढ्यान्पिढ्यांचा मानवी अनुभव तसाच आहे. ज्याला आपल्या घरची माहिती, तो ओळखीचा. हा अनुभव आता उलटला आहे, हे कर्जदाराला सर्वांत आधी समजावून सांगायला हवे. समोरच्याला आपली माहिती आहे एवढ्यावरून त्याची आपल्याला काहीच ओळख पटत नाही. त्याची ओळख पटण्यासाठी आपल्याजवळ त्याची माहिती असावी लागते, आणि ती आपण स्वतंत्रपणे मिळवलेली असावी लागते.

ही स्वतंत्र पडताळणी वाटते तितकी सोपी नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांची अधिकृत नोंदवही अनेक देशांत असते, आणि नोंदणी तपासा असा सल्लाही दिला जातो. पण भामटे खऱ्या संस्थेचेच नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक उचलतात. ब्रिटनची वित्त नियामक संस्था अशा नक्कल केलेल्या कंपन्यांबद्दल सतत इशारे देत असते. नोंदवहीत नाव सापडले म्हणजे नाव खरे ठरते, फोनवरचा माणूस खरा ठरत नाही. म्हणून आलेला फोन ठेवून द्यावा, नोंदवहीतला क्रमांक घ्यावा आणि आपण होऊन त्यावर फोन करावा, एवढी एकच कृती नीट शिकवली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. इथेही खऱ्या संस्थांचे वागणे आडवे येते. परत फोन केला तर कोणी उचलत नाही, उचलला तर ज्याने आधी फोन केला होता तो कोण हे तिथे कोणाला सांगता येत नाही, कारण तो बाहेरच्या कंत्राटदाराचा माणूस असतो. अशा संस्थेचा ग्राहक पुढच्या वेळी पडताळणीच्या भानगडीत पडत नाही.

खऱ्या संस्था फसवणुकीला हातभार लावतात ही तक्रार कठोर वाटेल, पण त्यांच्या रोजच्या रीतीकडे पाहिले तर ती टाळता येत नाही. अनोळखी क्रमांकावरून फोन करून ग्राहकालाच जन्मतारीख विचारायची. ‘तुमच्यासाठी कर्ज आधीच मंजूर आहे’ असे न मागता कळवायचे. सवलत आज रात्रीपर्यंतच आहे असे सांगून घाई लावायची. आणि आखूड केलेली, कुठे नेणार हे न सांगणारी लिंक संदेशात पाठवायची, ही सर्व कामे अगदी नियमाने चालणाऱ्या संस्थाही करत आल्या आहेत. भामटा याच रीतीची नक्कल करतो. वर्षभर ज्या वागण्याची सवय ग्राहकाला लावली, त्याच वागण्याला तो एक दिवस बळी पडला की त्याला सावधगिरीचे पत्रक पाठवायचे, हा व्यवहार मला मान्य होण्यासारखा नाही.

याच्या उलट काय करता येते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सिंगापूरमध्ये दिसते. तिथे परवानाधारक सावकाराला फोन, मोबाइल संदेश किंवा समाजमाध्यमे यांतून कर्जाची जाहिरात करण्याची मुभा नाही. जाहिरात करायची ती व्यावसायिक निर्देशिकेत, स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा धंद्याच्या जागी. कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराला त्या जागी समोरासमोर भेटून त्याची ओळखही तपासावी लागते. या नियमाने कर्जदाराच्या डोक्यावरचा केवढा भार उतरतो ते पाहा. त्याला बोधचिन्ह, सही, नोंदणी क्रमांक, व्याजाचा दर, यांपैकी काहीही पारखायचे उरत नाही. सावकारी कर्जाचा न मागवलेला संदेश आला की तो बेकायदा, एवढेच त्याने लक्षात ठेवायचे. याचा अर्थ तिथली फसवणूक संपली असा मुळीच नाही. पण फसवणूक ओळखण्याची खूण कायद्यानेच निर्माण करून दिली, आणि ती कमी शिकलेल्या, घाबरलेल्या, घाईत असलेल्या माणसालाही वापरता येईल इतकी साधी ठेवली, हे मोलाचे आहे.

तिथल्या बँकांनीही याच दिशेने पावले टाकली. २०२१ च्या अखेरीस खोट्या संदेशांमुळे एका बँकेच्या ग्राहकांचे मोठे नुकसान झाल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये ग्राहकांना पाठवायच्या ईमेल आणि संदेशांतून लिंक काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ पासून संस्थेच्या नावाने संदेश पाठवायचा असेल तर ते नाव आधी नोंदवणे बंधनकारक झाले. नोंद नसलेल्या नावाच्या संदेशावर तो फसवणुकीचा असण्याची शक्यता असल्याचा शिक्का आपोआप उमटतो. भारतात रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या, फक्त बँकांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांवर नेण्यास सांगितले, आणि ग्राहकांना व्यवहाराविषयी करायच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरण्याचा निर्देश दिला. हे उपाय कंटाळवाणे वाटतात, त्यांच्या बातम्या कोणी आवडीने वाचत नाही. पण ‘सावध राहा’ या दोन शब्दांपेक्षा त्यांची किंमत मला कितीतरी अधिक वाटते, कारण ते ओळख पटवण्याचे काम ज्याचे आहे त्याच्याकडे नेऊन ठेवतात.

कर्ज देणाऱ्या ॲपमुळे या प्रश्नाला एक क्रूर वळण लागले, आणि त्यावर थोडे थांबून बोलायला हवे. जुन्या कर्जव्यवहारात तारण काय ते कागदावर लिहिलेले असे. दागिना, जमीन, घर. कर्ज थकले तर काय जप्त करता येईल आणि काय नाही, याला कायद्याची मर्यादा असे. ॲपने मागितलेल्या परवानग्यांमधून मात्र फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे आणि संदेश ताब्यात घेतले जातात आणि हप्ता चुकताच त्यांचा वापर सुरू होतो: नातेवाइकांना फोन, वरिष्ठांना संदेश, विकृत केलेली छायाचित्रे ओळखीच्यांना पाठवण्याची धमकी. कर्जदाराची अब्रूच इथे तारण ठेवून घेतलेली असते, आणि हे तारण कोणत्याही कागदावर नोंदवलेले नसते. कधी न मागितलेले पैसेही खात्यात टाकले जातात आणि मग त्यांची अवाच्या सवा वसुली सुरू होते. फसवणूक आणि वसुली यांच्यातली सीमारेषा अशा वेळी राहतच नाही.

संपर्कयादीचा आणखी एक पैलू आहे, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. यादीतल्या माणसांनी कसलाही अर्ज केलेला नसतो, कोणतीही संमती दिलेली नसते. तरीही त्यांचे क्रमांक एका अनोळखी वसुलीदाराच्या हाती पडतात. ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट ठेवणारा कर्जदार दुसऱ्यांच्या वतीने संमती देऊ शकत नाही, हे साधे तत्त्व आहे. फिलिपिन्सच्या माहिती-गोपनीयता आयोगाने २०२० मध्ये कर्ज ॲपना वसुलीसाठी किंवा छळासाठी संपर्कयादी उचलण्यास मनाई केली. भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत फोनमधील फाइल, संपर्क आणि फोनच्या नोंदी यांना हात लावू नये असे म्हटले, तसेच कर्जाची रक्कम कोणा तिऱ्हाइताच्या खात्यातून न फिरता थेट कर्जदाराच्या खात्यात जावी आणि परतफेडही थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हावी असे बंधन घातले. हे शेवटचे बंधन कर्जदाराच्या हाती एक चांगली खूण देते: हप्ता एखाद्या व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात भरायला सांगितला, की तिथेच थांबावे. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या ॲप दुकानातील वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि छायाचित्रे पाहण्यास बंदी केली. तरीही दुकानाबाहेरून, थेट लिंकवरून बसवलेल्या ॲपपर्यंत ही बंदी पोहोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत ८० हून अधिक ॲप दुकानांमध्ये कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. अशा बाजारात एकेका कर्जदाराने आपल्या हुशारीवर तरून जावे अशी अपेक्षा कशी करायची?

कर्जदाराने स्वतः करण्यासारखे काहीच नाही असे मी म्हणत नाही. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहावे. आपला पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, ठरावीक काळाने पाहावा, कारण आपल्या नावावर दुसऱ्याने काढलेले कर्ज अनेकदा वसुलीचा पहिला फोन येईपर्यंत कळतच नाही. बोलता बोलता फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप कोणी बसवायला सांगितले तर संभाषण तिथेच तोडावे. ओटीपी ही आपली स्वाक्षरी आहे असे धरून चालावे. आणि संस्थांनी त्या संदेशात नुसता आकडा न पाठवता, ही स्वाक्षरी कोणत्या कर्जावर, किती रकमेवर आणि कोणाच्या नावे होत आहे हे त्याला कळणाऱ्या भाषेत लिहावे. कोरा कागद पुढे करून सही घेणाऱ्याला आपण दोष देतो. अर्थ न सांगणारा ओटीपी तसाच कोरा कागद आहे.

पण या वैयक्तिक दक्षतेची मर्यादा २०१७ साली अमेरिकेत फार स्पष्टपणे दिसली. इक्विफॅक्स या पतअहवाल तयार करणाऱ्या कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. यांतील बहुतेकांनी आपली माहिती त्या कंपनीला स्वतः होऊन दिलेलीच नव्हती. त्यांनी कधीतरी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतले होते आणि ती माहिती कर्ज देणाऱ्या संस्थांकडून तिथे साठत गेली होती. यांपैकी एखाद्याने आयुष्यभर एकही लिंक उघडली नसती तरी तो वाचला नसता. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१८ पासून, तिथे पतअहवाल गोठवण्याची सोय कायद्याने मोफत झाली, म्हणजे आपल्या परवानगीशिवाय आपल्या नावावर नवे कर्ज काढणे अवघड करून ठेवता येते. माझ्या मते हीच स्थिती सर्वत्र मूळची असावी. अहवाल गोठलेलाच राहावा आणि कर्ज हवे असेल त्या दिवशी ज्याचा त्याने तो उघडावा. आज उलट आहे. दार सताड उघडे असते आणि लावायचे कसे हे शोधण्याचे काम घरमालकाकडे दिलेले असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. सगळी जबाबदारी संस्थांवर टाकली तर ग्राहक बेफिकीर होतील, आणि खर्च वाढल्यामुळे संस्था गरीब, नवख्या कर्जदारांना दारातूनच परत पाठवतील, असे म्हटले जाते. दुसऱ्या भागात तथ्य आहे. खर्च कर्जदाराच्या माथी मारला जाणार नाही याकडे नियामकांनी लक्ष द्यायलाच हवे. पहिला भाग मात्र मला पटत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून स्वतःच्याच हाताने पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ते परत देण्याचे बंधन आले. मर्यादा ८५,००० पौंडांची, आणि भार पैसे पाठवणारी व स्वीकारणारी संस्था यांनी निम्मा-निम्मा उचलायचा. ग्राहकाने अत्यंत हलगर्जीपणा केला असेल तर, तो दुर्बल स्थितीत नसल्यास, भरपाई नाकारण्याची सोयही नियमात आहे. यातला स्वीकारणाऱ्या संस्थेवरचा निम्मा भार मला फार महत्त्वाचा वाटतो. भामट्याला पैसे स्वीकारायला कुठेतरी खाते लागते, आणि ते खाते उघडून देणाऱ्या संस्थेला आजवर फारशी झळ बसत नव्हती. झळ बसू लागली की ती संस्था खाते उघडताना आणि त्यात अचानक अनेक अनोळखी लोकांच्या लहान-लहान रकमा येऊ लागल्यावर अधिक चौकस होते. प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली येणारे पैसे नेमके असेच दिसतात.

फसलेल्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीबद्दलही लिहिले पाहिजे. कर्ज काढावे लागले याची लाज, त्यात फसलो याची लाज, आणि ज्यांचे क्रमांक आपल्या फोनमधून गेले त्यांच्यापुढची लाज, अशा तिहेरी ओझ्याखाली तो गप्प राहतो. तो गप्प राहिला की ते खाते, तो क्रमांक आणि ते ॲप उद्या दुसऱ्यासाठी चालूच राहतात. शिवाय फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त शुल्क भरा’ असा फोन त्याला येऊ शकतो. तक्रार तातडीने आली तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते. तास उलटत जातात तशी ती घटते. म्हणून तक्रार घेणाऱ्याने ‘तुम्ही भरलेच का?’ हा प्रश्न विचारूच नये, अशी सक्त सूचना प्रत्येक बँकेत आणि प्रत्येक तक्रार केंद्रात असायला हवी. पैसे कोणत्या खात्यात गेले, किती वाजता गेले आणि फोनमध्ये ते ॲप अजून आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे मिळताच, अर्ज पूर्ण भरून होण्याची वाट न पाहता, पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला फोन लावावा.